नंदाखालचा धर्मग्राम

विरारच्या पश्चिमेस, केळीच्या व भाजीपाल्याच्या वाड्यांमध्यें, नंदाखाल हें गांव आहे. तेथील पवित्र आत्म्याच्या देवालयाची स्थापना इ. स. १५७३ मध्यें झाली. साडेचारशे वर्षांत ह्या धर्मग्रामानें पोर्तुगीज, मराठे व इंग्रज अशा तीन राजवटी पाहिल्या आणि अखेर स्वातंत्र्यही पाहिलें.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहानें १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांस दिली. सत्तेच्या पाठोपाठ धर्मोपदेशक आले आणि गांवोगांवीं देवालयें उभीं राहिलीं. त्या प्रसारास राज्याचें पाठबळ होतें, हें इतिहास लपवीत नाहीं. म्हणूनच १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला जिंकला, तेव्हां ह्या धर्मग्रामाची खरी परीक्षा झाली. पोर्तुगीज गेले, त्यांचे पाद्री गेले. धर्म केवळ राजाश्रयावर उभा असता, तर तोही त्यांच्याबरोबर गलबतांत बसून गेला असता. परंतु तो राहिला. एतद्देशीय धर्मगुरूंनीं उपासना चालू ठेवली आणि घरोघरीं आयांनीं मुलांस प्रार्थना शिकविल्या.

ह्याचें मर्म असें कीं, लोकांनीं धर्म बदलला तरी घर बदललें नाहीं. ह्या भागांतील ख्रिस्ती कुपारी समाजाची सामवेदी किंवा कादोडी बोली हीच शेजारच्या सामवेदी ब्राह्मणांचीही बोली होय. लुगडें राहिलें, वाडी राहिली, बोली राहिली. वेदीवर मात्र लॅटिनचें राज्य होतें. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येंच प्रसिद्ध झालें होतें; तरी मिस्सा मराठींत होण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची (१९६२–६५) वाट पाहावी लागली.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ह्याच गांवचे सुपुत्र. त्यांनीं 'सुवार्ता' मासिक चालविलें, 'सुबोध बायबल' सिद्ध केलें आणि २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, येथील मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. वसईची हिरवी भूमि वांचविण्याच्या चळवळीचेही ते अग्रणी होते. २०२४ मध्यें ते निवर्तले. तत्पूर्वीं, १९९८ मध्यें, मुंबईपासून निराळा असा वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला होता.

आज दुसरी परीक्षा समोर आहे. वाड्या बुजवून वसईंत इमारती उठत आहेत. १७३९ मध्यें राज्य गेलें, तरी पायांखालची माती व तोंडांतील बोली शाबूत होती. तिच्याच आधारें धर्मग्राम तगला. तीं दोन्ही जपलीं, तरच पुढील पिढ्यांस नंदाखालचा घंटानाद आपल्या घरचा वाटेल.