निगेटिव्हची कड वाचा

फिल्म तीच, डेव्हलपरही तोच. तरी ३५ मिमीची कृष्णधवल निगेटिव्ह भरदार उतरते आणि १२०चा रोल फिका. दोष कॅमेऱ्याचा की धुलाईचा?

फिल्मची कड पाहा. तिथली अक्षरं, आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. ते ठळक काळे, पण चित्रातल्या सावल्या कोऱ्या, तर प्रकाश कमी पडला, मीटर तपासा. अक्षरंही पुसट असतील, तर डेव्हलपिंग अपुरं. मग तापमान आणि वेळ पाहा. २० अंशांचा वेळ १७ अंशांना पुरत नाही.

फक्त एकच कड लांबवर फिकी? मग टाकीत द्रावण कमी. नेहमीच्या प्लास्टिक टाकीत ३५ मिमीला सुमारे ३०० मिली भागतं, रुंद १२०ला ५०० लागतं. माझ्या मते द्रावण सर्वांत आधी मोजावं.