वैद्यकीय प्रवेश : आधी शेजार पाहा

नीटचा निकाल लागला की उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत ‘परदेशात एमबीबीएस’च्या जाहिराती दिसू लागतात. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स ही नावं ठळक असतात. नेपाळ आणि बांगलादेश मागाहून येतात. ज्यांना बाहेर जाणं भागच आहे त्यांनी हा क्रम उलटा करावा, असं मी आज मांडणार आहे. बाहेर जावं लागतं ते केवळ विद्यार्थी कमी पडतात म्हणून नव्हे. २०२४ साली नीटसाठी २४ लाखांवर नावं नोंदली गेली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाहून थोड्याच अधिक होत्या, आणि त्यांतल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. खासगी महाविद्यालयाचं शुल्क ज्या घराला झेपत नाही, तिथे पासपोर्टचा विषय निघणारच.

अर्ज भरताना घरात चर्चा होते ती शुल्काची, वसतिगृहाची, भारतीय जेवणाची. खरा निकाल लागतो तो मात्र परतल्यावर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. मधेच महाविद्यालय बदलून चालत नाही. परतल्यावर परदेशी पदवीधरांसाठीची ३०० प्रश्नांची परीक्षा, एफएमजीई; तीत १५० गुण मिळाले तरच पुढची वाट. नेपाळचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, म्हणजे नेमके ५४ महिने, आणि वर्षभराची इंटर्नशिप. बांगलादेशात पाच वर्षं आणि वर एक. इतरत्र यातली एकच अट अपुरी राहिली, तर स्वस्तात मिळालेली पदवी इथे निरुपयोगी ठरते.

आता आकडे पाहू. २०१५ ते २०१८ या काळात एफएमजीईला बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्केच उत्तीर्ण झाले. चीनमधून आलेल्यांत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास, रशियातून आलेल्यांत १३, नेपाळमधून जवळपास १८ आणि बांगलादेशातून २७. सत्तावीस हाही अभिमानाने सांगावा असा आकडा नाही, पण तो सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे. माझ्या मते याचं मोठं कारण रुग्ण हे आहे. ढाक्याच्या किंवा नेपाळमधल्या धरानच्या वॉर्डात क्षय, विषमज्वर, डेंगी, सर्पदंश, कुपोषित बाळं आणि रक्तक्षय झालेल्या बाळंतिणी असतात. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातही याच तक्रारी घेऊन माणसं येतात. धरानची बी. पी. कोइराला संस्था तर १९९३ साली भारताच्याच मदतीने उभी राहिली. दुसरं कारण भाषा. वर्ग इंग्रजीतून चालतो, रुग्ण इंग्रजीतून कण्हत नाही. ताप कधीपासून आहे, हे ज्याला विचारता येत नाही तो विद्यार्थी खाटेजवळ नुसता उभा राहतो. नेपाळी देवनागरीत लिहितात; आपल्या मुलीला तिथली पाटी पहिल्याच दिवशी वाचता येते. बंगालीची लिपी वेगळी, पण शब्द पुष्कळ ओळखीचे.

यावर आक्षेप येईल की बांगलादेशला मुळात बरे गुण असलेलेच विद्यार्थी जातात, म्हणून निकाल बरा. हे काही अंशी खरं आहे. तिथे दहावी-बारावीच्या गुणांची समकक्षता तपासूनच प्रवेश मिळतो. परंतु जे महाविद्यालय दारातच गुण तपासतं, ते पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला आत घेणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह, असाच याचा अर्थ होतो. शेजार महाग पडतो, हेही खरं. ज्यांना तो खर्चही परवडत नाही त्यांना माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जुलै २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनात बांगलादेश पेटला. तिथल्या सुमारे ९,००० भारतीय विद्यार्थ्यांपैकी बहुतेक त्याच महिन्यात परतले, असं परराष्ट्रमंत्र्यांनी ६ ऑगस्टला संसदेत सांगितलं. पण दूरचा देश अधिक सुरक्षित असतो का? युक्रेनमधल्या मुलांना २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर पोलंड, रुमानियाची हद्द गाठून विमानाची वाट पाहावी लागली. चीनमधून २०२० मध्ये कोविडमुळे आलेल्यांना परतीच्या व्हिसासाठी दोन वर्षांहून अधिक काळ थांबावं लागलं. बांगलादेशातून मात्र अनेक जण रस्त्याने त्रिपुरा आणि मेघालयात पोचले.

शेजार म्हणजे प्रत्येक शेजारी नव्हे, हे उल्हासनगरला सांगायला हवं. ज्या सिंधी कुटुंबांनी १९४९ मध्ये नाव मिळालेलं हे शहर वसवलं, त्यांच्या मूळ गावांच्या आसपासही विद्यापीठं आहेत. मात्र यूजीसी आणि एआयसीटीई यांनी एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं की पाकिस्तानात शिकायला गेलेल्या भारतीयाची पदवी इथे नोकरीला वा उच्च शिक्षणाला चालणार नाही. तिकडून स्थलांतरित होऊन नागरिकत्व मिळवलेल्यांचा अपवाद त्यात आहे, आणि तो योग्यच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, १०० जागांचं. मग बाहेरचा विचार कशाला, असं कुणी म्हणेल. त्या जागा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत. प्रवेश गुणवत्ता यादीने होतो आणि बाकीच्यांपुढचा प्रश्न तसाच उरतो. पण आता इथे सरकारी वैद्यकीय अध्यापक आहेत. नीटच्या निकालाच्या आठवड्यात त्यांनी आणि तिन्ही शहरांच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी पालकांना एकत्र बसवावं, आयोगाचे नियम मराठीतून आणि सिंधीतून समजावून सांगावेत, आणि एजंटाला पहिला हप्ता देण्याआधी महाविद्यालयाकडून दोन गोष्टी लेखी घ्यायला लावाव्यात : इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात होईल आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळेल का.