हिमनदीवरचें ठाणें

सैनिकाच्या जीवनाविषयीं कोणी बोलूं लागला, म्हणजे रणशिंगें, तोफा आणि पराक्रम यांचें वर्णन ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असते. आज मात्र मी आपणांशीं बोलणार आहें तें घरकामाविषयीं. पाणी भरणें, डाळ शिजविणें, अंगण झाडणें, ओले मोजे वाळविणें, दिव्यांत तेल आहे कीं नाहीं तें पाहणें, अशीं हीं कामें. तीं आपल्या प्रत्येकाच्या घरीं रोज होतात आणि त्यांची कोणी दखलहि घेत नाहीं. फरक इतकाच कीं, मी सांगणार आहें तें घर समुद्रसपाटीपासून सुमारें वीस हजार फूट उंचीवर बर्फांत आहे, आणि तेथील कामांत एका दिवसाची हयगय झाली तर माणसें प्राणांस मुकतात.

काराकोरम पर्वतांत सियाचिन नांवाची हिमनदी आहे. तिची लांबी सुमारें ७५ किलोमीटर. बाल्टी भाषेंत या नांवाचा अर्थ ‘गुलाबांची जागा’ असा सांगतात; परंतु त्या हिमनदीवर गवताचें पातेंहि दिसावयाचें नाहीं. भारत व पाकिस्तान यांच्यामध्यें १९४९ सालीं ठरलेली युद्धविराम-रेषा आणि १९७२ सालानंतर निश्चित झालेली नियंत्रणरेषा, या दोन्हीं ‘एन्. जे. ९८४२’ नांवाच्या एका बिंदूपाशीं येऊन थांबतात. पुढें नुसत्या हिमनद्या. तेथें माणूस जाऊन राहील असें कोणास वाटलें नाहीं, म्हणून नकाशावर शाई पुढें सरकली नाहीं. पण जेथें शाईची रेघ संपली, तेथें पुढें माणसांची रेघ उभी करावी लागली. १३ एप्रिल १९८४ रोजीं भारतीय सैन्य हिमनदीच्या पश्चिमेकडील साल्तोरो या डोंगरधारेवर चढलें, आणि तेव्हांपासून तेथील पहारा अखंड चालूं आहे. २६ जून १९८७ रोजीं नायब सुभेदार बाणा सिंग यांनीं मूठभर सोबत्यांनिशीं जें शिखर सर केलें, तें २१,१५३ फूट उंच आहे. आज तें त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. २५ नोव्हेंबर २००३ च्या मध्यरात्रीपासून तेथील तोफा शांत झाल्या. थंडीनें मात्र कोणत्याहि तहावर सही केलेली नाहीं.

अशा ठाण्यावर एकदम जातां येत नाहीं. आपल्या घरच्या हवेंत जितका प्राणवायु असतो, त्याच्या निम्म्याहूनहि कमी तेथें छातीस मिळतो. म्हणून जवानाला पायरीपायरीनें वर नेतात. एका उंचीवर कांहीं दिवस राहावयाचें, शरीराला संवय होऊं द्यावयाची, मग पुढची चढण. घाई केली तर फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी सांचतें, आणि धडधाकट तरुण एका रात्रींत दगावूं शकतो. हिमनदीवरून चालतांना सर्व जण एकाच दोरानें एकमेकांस बांधून घेतात. कारण वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखालीं शेंकडों फूट खोल भेगा असतात. एकाचा पाय गेला तर बाकीच्यांनीं त्यास सांवरावयाचें. उन्हानें बर्फ मऊ होण्यापूर्वीं, म्हणजे अंधारांतच, हा प्रवास उरकणें बरें. वाटेवर ‘ओ. पी. बाबा’ नांवाचें एक लहानसें देवस्थान आहे. वर जातांना जवान तेथें हजेरी देतो आणि परत येतांना पुन्हां सांगतो कीं, मी आलों. घरांतून निघतांना देवाला व वडीलधाऱ्यांना सांगून जाण्याची आपली जी रीत, तीच ही.

आतां ठाण्यावरचा एक दिवस पाहूं. सकाळ होतें ती फावड्यानें. रात्रभर पडलेला बर्फ दारावर, छपरावर, पाऊलवाटेवर सांचलेला असतो. तो उपसला नाहीं तर झोंपडीच गाडली जावयाची. पण दहा फावडीं मारलीं कीं धाप लागते. थांबावें, श्वास घ्यावा, पुन्हां दहा मारावीं. वादळ असेल तेव्हां हें काम दिवसा व रात्रीं पाळीपाळीनें चालतें.

नंतर पाणी. सभोंवार पाण्याचाच डोंगर, पण प्यावयास थेंब नाहीं. बर्फ भांड्यांत भरून रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवावा लागतो, आणि भांडेंभर बर्फाचें पाणी निघतें तें अगदीं थोडें. स्नान हा शब्द तर वर असेपर्यंत विसरावयाचा. दाढीहि कोणी करीत नाहीं. वर जीवन चालतें तें रॉकेलवर: ऊब त्याची, पाणी त्याचें, अन्न त्याचें. त्याची काजळी भिंतींवर बसते, कपड्यांवर बसते आणि छातींतहि जाते. खोकला आला तर थुंकी काळी पडते. झोंपडी गच्च बंद करावी तर धुरानें गुदमरण्याची भीति, उघडी ठेवावी तर थंडीची. या दोहोंमधला मार्ग रोज नव्यानें काढावयाचा.

आमच्या भगिनींना एक गोष्ट विशेष वाटेल. इतक्या उंचीवर पाणी सुमारें ८० अंशांवरच उकळूं लागतें. तें खळखळतें, पण त्यांत डाळ कांहीं शिजत नाहीं. दाबाचें भांडें नसेल तर दिवसभर वाट पाहावी. अंडीं आणि संत्रीं दगडासारखीं होतात. बहुतेक अन्न डब्यांतलें. बदाम, मनुका, चॉकलेट यांची वाण नसते, पण उंचीवर भूकच मरते. म्हणून जेवणें हें तेथें सुख नसून कर्तव्य होय. प्रत्येकानें ताटांतलें संपविलें कीं नाहीं, हें आईच्या नजरेनें पाहणारा एक जण असावा लागतो.

दुपारीं ऊन पडतें तेव्हां काळा चष्मा डोळ्यांवरून काढतां येत नाहीं. पांढऱ्या चकाकीनें दृष्टि जाते. उघड्या हातानें बंदुकीच्या लोखंडास स्पर्श केला तर कातडी चिकटून निघते. हिंवाळ्यांत रात्रीं पारा शून्याखालीं ५० अंशांपर्यंत उतरतो. अशा वेळीं सर्वांत मोठा वैरी कोण, तर पायांतला ओला मोजा. घामानें मोजा भिजला, तो तसाच राहिला, म्हणजे बोटें बधिर होतात, पांढरीं पडतात, मग काळीं पडतात. आणि काळें पडलेलें बोट बहुधा कापावेंच लागतें. म्हणून संध्याकाळीं शेगडीभोंवतीं बसून सोबत्यांनीं एकमेकांचीं पावलें तपासावयाचीं, चोळावयाचीं, कोरडे मोजे चढवावयाचे. ज्या देशांत कोणाच्या पायाला हात लावण्यापूर्वीं माणूस विचार करतो, त्या देशाचे हे तरुण जातपात, भाषा, प्रांत न पाहतां दुसऱ्याचे पाय मांडीवर घेतात.

रात्र मोठी असते. झोंप सलग लागत नाहीं. श्वास मध्येंच अडल्यासारखा होऊन माणूस दचकून जागा होतो. पहाऱ्याची पाळी बदलत राहते. पत्त्यांचा डाव, बिनतारी यंत्रावरून शेजारच्या ठाण्याशीं चार शब्द, आणि हवा साफ असली तर हेलिकॉप्टरनें येणाऱ्या पत्रांची वाट, बरीच वर्षें एवढाच विरंगुळा होता. तें यंत्रहि ठाण्यावर क्षणभर टेकतें, सामान टाकतें आणि निघून जातें. सर्वांत उंच ठाण्यांवर सुमारें तीन महिने असेंच चालतें.

या लढाईंत शत्रूच्या गोळीनें जितके गेले, त्यांहून अधिक हवेनें व बर्फानें नेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं साडेएकोणीस हजार फुटांवरील एका ठाण्यावर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील एक शुश्रूषा-साहाय्यक होता. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद हे सहाव्या दिवशीं जिवंत सांपडले, तेव्हां साऱ्या देशानें नवस बोलले. परंतु ११ फेब्रुवारीस त्यांनीं प्राण सोडला. त्यापूर्वीं ७ एप्रिल २०१२ रोजीं पलीकडील गयारी येथें असाच कडा कोसळून पाकिस्तानचीं सुमारें १४० माणसें गाडलीं गेलीं. बर्फाला गणवेश ओळखतां येत नाहीं.

हा पहारा कधीं व कोणत्या अटींवर उठावा, याचा निर्णय राज्यकर्त्यांनीं करावयाचा. पण जोंवर तो चालूं आहे, तोंवर त्याची किंमत कशांत मोजली जाते, हें आपण जाणलें पाहिजे. सुटीवर आलेल्या जवानास आपण उत्सुकतेनें विचारतों, ‘काय हो, लढाई झाली का?’ तो म्हणतो, ‘नाहीं.’ आणि आपली उत्सुकता तेथेंच संपते. त्याचें वजन उतरलेलें असतें, रात्रीं झोंप उडालेली असते, साध्या गोष्टी तो विसरूं लागलेला असतो. आणि आपण समजतों, कांहींच घडलें नाहीं! श्रोतेहो, कांहींहि घडूं नये एवढ्यासाठींच तो तेथें उभा होता. पुढच्या वेळीं त्यास लढाईविषयीं विचारूं नका. पाणी कसें मिळत होतें, डाळ शिजत होती का, पाय कसे आहेत, एवढेंच विचारा, आणि तो बोलूं लागला तर घाई न करतां ऐका. त्याच्या शौर्याची खरी हकीकत त्या उत्तरांतच आपणांस मिळेल.