नाण्यांवरचे पूर्वज



घराण्याचा मोठेपणा चारचौघांत कसा मिरवावा, हा प्रश्न सर्वच काळी माणसाला पडत आला आहे. प्राचीन रोममधील सरदारपुत्रांनी त्यावर नामी तोड काढली. त्यांनी आपले पूर्वज सरकारी नाण्यावरच बसविले!

इ. स. पूर्व २११ च्या सुमारास रोमने ‘डिनॅरियस’ हे चांदीचे नाणे पाडण्यास आरंभ केला. प्रथम त्यावर रोमा देवीचे मस्तक आणि घोड्यांवरील जुळे देव असा ठरीव थाट असे. परंतु टांकसाळीवर दरसाल तीन तरुण अधिकारी नेमले जात. पुढे त्यांना निवडणुका लढवून मोठ्या जागा मिळवावयाच्या असत. मग हळूहळू देव मागे सरले आणि घराणी पुढे आली. मेटेलस घराण्याने हत्तीचे मस्तक उमटविले, कारण इ. स. पूर्व २५० मध्ये त्यांच्या पूर्वजाने कार्थेजचे हत्ती पकडले होते. मामिलियस तर स्वतःला युलिसिसचे वंशज म्हणवीत. त्यांच्या नाण्यावर युलिसिस आणि त्याला ओळखणारा म्हातारा कुत्रा आहे. पुरावा कोण मागतो? चांदी खरी होती!

इ. स. पूर्व ५४ मध्ये मार्कस ब्रूटसने राजा टार्क्विनला हाकलणारा आपला पूर्वज नाण्यावर आणला. दुसऱ्या नाण्यावर त्याने स्वातंत्र्यदेवीचे मुख घातले. दहा वर्षांनी सीझरने रोमच्या नाण्यावर स्वतःचा चेहरा छापला. जिवंत माणसाचा असा मान रोमने पूर्वी पाहिला नव्हता. प्लूटार्क सांगतो, लोक जुन्या ब्रूटसच्या पुतळ्यावर लिहू लागले की, तू आज हवा होतास. मिरविलेला पूर्वज आता जाब विचारू लागला! इ. स. पूर्व ४४ मध्ये १५ मार्च रोजी सीझरचा वध झाला.

पुढे ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर आणि मध्ये बंधमुक्त गुलामाची टोपी आहे. पण श्रोतेहो, नाणे उलटून पाहा. तेथे खुद्द ब्रूटसचेच मस्तक आहे. ज्या गोष्टीसाठी सीझरला दोष दिला, तीच त्याने केली! त्याच इ. स. पूर्व ४२ सालात फिलिपीच्या रणांगणावर पराभव होऊन त्याने आत्महत्या केली.

पूर्वजांचे नाव मिरविणे सोपे. पण ते नाव एके दिवशी आपली किंमत वसूल करते, हे त्या चांदीच्या तुकड्याने सांगितले आहे.