विद्यार्थी-शिक्षकाची नीति

शाळेंतील शिक्षकाच्या धंद्याला नियम असतात, पात्रतेच्या परीक्षा असतात आणि डोक्यावर मुख्याध्यापकांची देखरेख असते. परंतु स्वतः कॉलेजांत शिकत असतांना संध्याकाळीं दुसऱ्याच्या घरीं जाऊन एखाद्या मुलाला गणित किंवा इंग्रजी शिकविणारा जो तरुण, त्याची गोष्ट निराळी आहे. तो सकाळीं विद्यार्थी असतो आणि सायंकाळीं गुरु होतो. त्याचें काम कोणी तपासीत नाहीं. अशा वेळीं त्याच्या वर्तनाला आधार कशाचा, हा प्रश्न त्याच्या इतकाच त्याला घरांत घेणाऱ्या कुटुंबाच्याहि जिव्हाळ्याचा आहे.

विद्यार्थ्यानें विद्यार्थ्याला शिकवावें ही कल्पना आपल्या देशांत नवी नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाची शाळा चालवीत होता. एका देशी शाळेंत मुलें वाळूवर अक्षरें गिरवीत असलेलीं त्यानें पाहिलीं आणि ती रीत आपल्या शाळेंत आणण्याचें ठरविलें. शिक्षकांनीं टाळाटाळ केली, तेव्हां त्यानें तें काम एका लहान विद्यार्थ्यावरच सोंपविलें आणि तें साधलें. या प्रयोगाची हकीकत १७९७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. पुढें जोसेफ लँकेस्टर यानें लंडनमध्यें त्याच धर्तीवर शेंकडों मुलांची शाळा चालविली. एका शिक्षकाच्या हाताखालीं अनेक विद्यार्थी-नायक, आणि प्रत्येक नायकाच्या हाताखालीं मुलांची एक टोळी, अशी ती रचना होती. खर्च थोडा आणि विद्यार्थी पुष्कळ, म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण पाठांतरावर सारा भर आणि चारचौघांत मान खालीं घालावयास लावणाऱ्या शिक्षा, हे दोष तिला चिकटले. मुलाच्या हातीं अधिकार दिला, तरी त्याबरोबर जबाबदारीची जाणीव आपोआप येत नाहीं, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

याच्या उलट उदाहरण मुंबईचें. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं १८४८ सालीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली आणि दुसऱ्याच वर्षीं तिच्या सभासदांनीं मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी हे त्या मंडळींत अग्रभागीं होते. हे तरुण वेतन न घेतां शिकवीत. आपली मुलगी परक्या तरुणापुढें शिकावयास बसवावी, हें त्या काळच्या पालकांना सहज पटण्यासारखें नव्हतें. घरोघर जाऊन त्यांना मन वळवावें लागलें. ज्ञान त्यांच्यापाशीं होतेंच. मिळवावयाचा होता तो विश्वास. विद्यार्थी-शिक्षकाचें खरें भांडवल आजहि तेंच आहे.

मात्र विनामूल्य शिकविणें तेवढें उदात्त आणि पैसे घेणें हलकें, असें कोणीं समजूं नये. महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं मुंबईंत कॉलेजचें शिक्षण घेत असतां शिकवण्या करूनच खर्च भागविला. आजहि कित्येक विद्यार्थ्यांचें खोलीचें भाडें आणि खाणावळीचें बिल शिकवणीच्या पैशांवर चालतें. ही कमाई कष्टाची आणि मानाची आहे. प्रश्न एवढाच कीं, ती कोणत्या रीतीनें केली जाते.

कायदा येथें फारसा उपयोगीं पडत नाहीं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानें शाळेंतील शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली. ती कॉलेजच्या विद्यार्थ्याला लागू नाहीं. केंद्र सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें शिकवणी-वर्गांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेथील शिक्षक किमान पदवीधर असावा असें सांगितलें. परंतु त्या सूचना ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या वर्गांसाठीं आहेत. घरच्या टेबलापाशीं एका मुलाला शिकविणाऱ्या तरुणाचा शिक्षणाधिकारी त्याची सदसद्विवेकबुद्धीच होय.

या बुद्धीनें घालून द्यावयाचे कांहीं नियम उघड आहेत. जो विषय आपल्यालाच नीट येत नाहीं, तो पत्करूं नये. आणि मध्येंच अडलें तर ‘उद्यां पाहून सांगतो’ असें मोकळेपणानें म्हणावें. शिक्षकालाहि अडतें आणि तो शोधून काढतो, हें पाहिल्यानें मुलाचा धीर वाढतो. गुणांची हमी देऊं नये. शाळेंतील शिक्षकाची मुलापुढें निंदा करूं नये. दुसऱ्याच्या घरांत वावरतांना जें कानीं पडतें, तें त्या उंबऱ्याच्या आंतच ठेवावें. मुलाला मारूं नये आणि टोमणेहि मारूं नयेत. शिकवितांना खोलीचें दार उघडें असावें, घरचें वडील माणूस हाकेच्या अंतरावर असावें, आणि मोबाइलवर मुलाला पाठविलेला निरोप त्याच्या आईवडिलांनाहि दिसावा. यांत दोघांचेंहि रक्षण आहे. आपल्या परीक्षेच्या दिवसांत सुट्टी लागणार असेल, तर ती आधीं सांगावी.

खरी कसोटी मात्र यापुढें आहे. सातवींतला एखादा मुलगा अपूर्णांकांत अडखळतो. शिकविणाऱ्यानें त्याच्या वहींतील उदाहरणें रोज सोडवून दिलीं, तर वही स्वच्छ राहते, आई संतुष्ट होते आणि शिकवणी वर्षभर चालते. त्याऐवजीं त्यानें भाकरीचे तुकडे करून समच्छेदाची गरज पटवून दिली आणि चुका मुलालाच शोधावयास लावल्या, तर दोन-तीन महिन्यांत मुलगा आपल्या पायांवर उभा राहण्याचा संभव असतो. तसें झालें कीं शिकवणीचें कारण संपतें, आणि शिकविणाऱ्याचें खाणावळीचें बिल मात्र संपत नाहीं. ‘आतां याला माझी गरज उरली नाहीं’ हें वाक्य अशा वेळीं उच्चारणें म्हणजे आपल्या हातानें आपली मिळकत तोडणें होय. तरी तें वाक्य उच्चारावें, हीच या धंद्याची नीति. वैद्यानें रोग बरा झाल्यावर औषध चालू ठेवणें आणि शिक्षकानें मुलाला परावलंबी ठेवणें, यांत अंतर नाहीं.

या प्रामाणिकपणाचा भार एकट्या तरुणावर टाकून कुटुंबानें नामानिराळें राहणें योग्य नाहीं. ठरलेले पैसे ठरल्या दिवशीं द्यावेत. मुलाचा घरचा अभ्यास करून देण्याची गळ घालूं नये. त्या तरुणाच्या परीक्षेची कदर करावी. आणि ज्यानें ‘मुलगा आतां स्वतः करील’ असें स्वतःहून सांगितलें, त्याचें नांव शेजारच्या घरीं आवर्जून सुचवावें. सचोटीनें एक शिकवणी गेली तर त्याच सचोटीच्या जोरावर दुसरी मिळाली पाहिजे. ही व्यवस्था पालकांच्याच हातीं आहे. ती त्यांनीं राखली, तर मुलगा अपूर्णांक शिकेलच, आणि त्याला शिकविणारा तरुणहि आयुष्यभर पुरेल असा एक धडा घेऊन बाहेर पडेल.