लेकीच्या चित्रातला धोटा



आमची लेक मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकते. याच विहारात ती जयंतीचे फलक रंगवायची, हे आपण पाहिलेच आहे. वार्षिक प्रदर्शनात तिचे चित्र लागले, म्हणून सूतगिरणीत दोन दिवसांचा खाडा करून आम्ही दोघे सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलो. जनरल डबा, म्हणजे निम्मी रात्र उभ्यानेच! स्टेशनपासून पायी.

चित्र भिंतभर. एक साचा, आणि पुढे माणसाच्या ओठाला लावलेला धोटा. लोक रंग बघत होते, आम्ही धोटाच बघत राहिलो. तरुणांना ठाऊक नसेल. जुन्या साच्यावर कांडी बदलली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणून विटाळाचे कारण सांगून आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. आणि पगार तर तिथेच जास्त! 1928 च्या मुंबईच्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. आमचे आजोबा त्याच मुंबईत गिरणी कामगार, पण जन्म गेला सूतखात्यात. हे आम्ही लेकीला कधी जेवताना बोललो असू. पोरीने ध्यानात ठेवले.

खाली पाटीवर तिचे नाव, त्यात आमचे नाव. तिच्या आईने दोनदा वाचून घेतले. एका गृहस्थाने विचारले, "चित्रातले हे कोण?" आम्ही म्हणालो, "आमचे आजोबा." पुढचे काही बोलवेना, डोळ्यांत पाणी आले.

चित्राचा फोटो आणला आहे. कार्यक्रमानंतर सर्वांनी जरूर पाहावा.