पोकलेनच्या पडद्यावरील आकडे

जमीन खोदणाऱ्या यंत्राला महाराष्ट्रात सर्रास ‘पोकलेन’ म्हटले जाते. पोक्लेन हे मुळात एका फ्रेंच कारखान्याचे नाव. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, खेड्यात त्याला हेच नाव पडले आहे. जलसंधारणाच्या कामांमुळे, आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे, ग्रामपंचायतींचा या यंत्राशी निकटचा संबंध आला. भाड्याने येणारे यंत्र पुष्कळदा जुने, एकदोन मालकांच्या हातून गेलेले असते. मे महिना सरत आलेला असतो, तळे अर्धेअधिक उपसून झालेले असते, काठावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. आणि नेमक्या अशा वेळी चालकासमोरच्या पडद्यावर तांबडा दिवा लागून काही आकडे उमटतात. पाऊस तोंडावर आलेला असल्याने सर्वांनाच घाई असते. कोणी तो आकडा पुसून टाकून काम पुढे रेटतो, तर कोणी आकड्यात ज्या भागाचे नाव आले तो भाग हजारो रुपये खर्चून बदलतो. या दोन्ही मार्गांनी नुकसान होण्याचा संभव फार.

पडद्यावरचा आकडा ही फिर्याद होय, निकाल नव्हे. यंत्रातील नियंत्रक पेटीला एखाद्या सेन्सरकडून जो विद्युत् संदेश अपेक्षित असतो तो आला नाही, एवढेच तो आकडा सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा, बॅटरीचा की खुद्द इंजिनाचा, हे माणसालाच शोधावे लागते.

ही फिर्याद वाचण्याची रीत समजून घेणे अवघड नाही. अमेरिकेतील अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने ठरविलेली ‘जे १९३९’ नावाची पद्धत अनेक डिझेल इंजिनांत वापरली जाते. तिच्यात दोषाचे दोन आकडे असतात. पहिला आकडा कशाविषयी तक्रार आहे ते सांगतो. दुसरा तक्रारीचे स्वरूप सांगतो. पहिला आकडा १०० असल्यास तक्रार इंजिन ऑइलच्या दाबाविषयी, ११० असल्यास इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याच्या तापमानाविषयी, १६८ असल्यास बॅटरीच्या व्होल्टेजविषयी. दुसरा आकडा ० ते ३१ यांपैकी असतो. काही कंपन्या आपले स्वतंत्र संकेतही वापरतात. म्हणून त्या यंत्राची पुस्तिका जवळ असणे आवश्यक ठरते.

खरी मेख दुसऱ्या आकड्यात असते. पडद्यावर १०० व १ असे आले, तर ऑइलचा दाब धोक्याच्या मर्यादेखाली उतरल्याची ती सूचना असते. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करणे हाच एक मार्ग. दाबावाचून ते काही मिनिटे जरी चालले, तरी आतील बेअरिंगे जळून इंजिन कामातून जाऊ शकते. याउलट १०० व ४ असे आले, तर सेन्सरकडून येणारे व्होल्टेज नेहमीच्या मर्यादेपेक्षा खाली गेले आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेथे वायर यंत्राच्या सांगाड्याला टेकलेली असण्याचा किंवा सेन्सर निकामी झाल्याचा संशय अधिक. पहिला आकडा एकच, परंतु एके ठिकाणी इंजिनाच्या प्राणाशी गाठ, तर दुसरीकडे कदाचित वीतभर वायरचा प्रश्न! अर्थात ४ दिसला म्हणून दाब ठीकच आहे असे गृहीत धरणेही घातक. आधी डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी, आणि सेन्सरच्या जागी साधे काट्याचे दाबमापक बसवून प्रत्यक्ष दाब किती आहे याची खात्री करून घ्यावी.

आकडा दिसताच तो वहीत उतरवून घ्यावा. सोबत तासमापकावरील तास, इंजिन गरम होते की थंड, यंत्र भरल्या बकेटने फिरत होते की उभे होते, हेही लिहावे. दोष आता चालू आहे की पूर्वी नोंदला गेलेला आहे, हे पडदा किंवा तपासणीचे उपकरण सांगते. त्यानंतर बॅटरीकडे वळावे. या यंत्रांत बहुधा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टची व्यवस्था केलेली असते. त्यांची टोके सैल वा गंजलेली असली, किंवा अर्थची पट्टी निखळलेली असली, की एकदम चारपाच आकडे उमटतात आणि अननुभवी मेकॅनिक पार गोंधळून जातो.

अनेक आकडे एकदम दिसण्याचे आणखी एक कारण आहे. पुष्कळसे सेन्सर नियंत्रक पेटीतून मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या सामाईक पुरवठ्यावर चालतात. त्यांपैकी एकात जरी शॉर्ट झाला तरी सर्वांचाच पुरवठा खाली येतो आणि निर्दोष सेन्सरही तक्रार करू लागतात. मल्टिमीटर लावून एकेक सेन्सरचा कनेक्टर सोडवीत जावे. ज्याचा सोडताच पाच व्होल्ट परत येतात, दोष त्याच फांदीवर असतो. नियंत्रक पेट्यांना परस्परांशी जोडणाऱ्या दोन तारांची परीक्षाही अशीच सोपी आहे. या तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी तोडून मोजले असता दोन तारांमध्ये सुमारे ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एक रोधक गळाला आहे किंवा वाटेत तार तुटली आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

जुन्या यंत्रात वायरिंगच सर्वाधिक छळते. बूमच्या मुळाशी वायर घासते, उंदीर तिचे आवरण कुरतडतात, दाबाच्या पाण्याने धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरते, आणि आधीच्या मालकाने चिकटपट्टी गुंडाळून केलेली डागडुजी पहिल्याच उन्हाळ्यात उकलते. गावोगावी आणखी एक चूक होते. बकेटचे दात बसविण्यासाठी यंत्रावरच वेल्डिंग केले जाते, परंतु बॅटरी तोडलेली नसते आणि वेल्डिंगची अर्थ कुठेतरी दूर लावलेली असते. तो प्रवाह नियंत्रक पेटीतून वाट काढतो, आणि शंभर रुपयांच्या कामापायी यंत्रातील एक अत्यंत महाग भाग निकामी होतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी तोडणे, पुस्तिकेत सांगितले असल्यास पेट्यांचे कनेक्टर सोडविणे आणि अर्थ वेल्डिंगच्या जागेलगत लावणे, एवढी दक्षता पुरेशी आहे.

यंत्र विकत घेताना वा भाड्याने ठरविताना पडदा कोरा दिसला म्हणून समाधान मानण्याचे कारण नाही. जुने आकडे पुसणे हे काही क्षणांचे काम. काही दोष तर तेल तापल्यावर आणि यंत्रावर पूर्ण भार आल्यावरच प्रकट होतात. यास्तव करार करण्यापूर्वी तासभर तरी प्रत्यक्ष खोदाई करून पाहावी व नंतर नोंदी पुन्हा तपासाव्यात. बकेटच्या पिनांची झीज किंवा सांगाड्याला गेलेला तडा हे तर सेन्सरला दिसतच नाहीत. ते डोळ्यांनीच पाहावे लागतात. दोषामुळे यंत्र बंद राहिलेले तास भाड्यात धरावयाचे की नाहीत, हेही करारात आधीच लिहून ठेवलेले बरे. तासमापकावरील आकडा आणि दोषांची वही चालकाच्या सहीसह रोज संध्याकाळी पंचायतीच्या प्रतिनिधीने पाहिली, तर महिनाअखेर बिलावरून होणारे पुष्कळसे वाद निर्माणच होत नाहीत.